शुक्रवारचं गाव

अमेरिकेतल्या उपनगराला मधोमध असं काही नसतं. मध्य न्यू जर्सीत, जिथं आम्ही राहतो, तिथं एक गाव संपून दुसरं कधी सुरू झालं हे फक्त कचऱ्याच्या गाडीला आणि करवसुली खात्याला कळतं. वेस नाही, पार नाही, चावडी नाही. घरं, हिरवळ, औषधाचं दुकान, पुन्हा घरं, पुन्हा हिरवळ, पुन्हा तेच औषधाचं दुकान. आमच्या जवळच्या एडिसनचंच बघा. 1954 सालापर्यंत ते रॅरिटन टाउनशिप होतं. थॉमस एडिसननं 1876 मध्ये तिथल्या मेन्लो पार्कला प्रयोगशाळा थाटली होती, त्या पुण्याईवर गावानं नाव बदलून घेतलं. प्रयोगशाळेच्या जागी आता एक मनोरा आहे आणि त्याच्या डोक्यावर काचेचा अवाढव्य दिवा. पण मनोऱ्यापाशी कुणी जमत नाही. माणसं जमतात ती ओक ट्री रोडवर, भाकरवडी आणि कढीपत्ता घ्यायला. आणि तीही गाडी लावायला जागा मिळाली तरच. जमतात म्हणजे काय, तर एकमेकांच्या ट्रॉल्यांना वाट करून देतात. याला गाव म्हणायला जीभ रेटत नाही.

मग गाव असतं कुठं? माझ्या मते ते हायस्कुलात असतं. तेही कायमचं वस्तीला नसतं, येऊन-जाऊन असतं.

आमचं हायस्कूल म्हणजे लालसर विटांची, बैठी, लांबच लांब पसरलेली इमारत. दुसऱ्या महायुद्धानंतर इकडं मुलांचा जो महापूर आला, त्याला सामावून घ्यायला पन्नाशी-साठीच्या दशकांत उपनगरांनी भराभर शाळा बांधल्या, त्यांतलीच ही एक. आराखडा काढता काढता स्थापत्यकाराला कुणी जेवायला हाक मारली असावी आणि तो हात धुऊन परत येईपर्यंत व्हरांडा आपला आपण पुढं सरकत राहिला असावा, अशी तिची ठेवण. या इमारतीला दर्शनी सौंदर्य नाही. पण मतदान करायचं तर तिथल्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली उभं राहून. फ्लूची लस टोचून घ्यायची तर तिथंच, ग्रंथालयाशेजारच्या खोलीत. चार जुलैची आतषबाजी मागच्या मैदानावर. निवृत्त झाल्यावर मातीची भांडी करायला शिकावंसं वाटलं, तर तोही वर्ग मंगळवारी संध्याकाळी कलादालनात. 2012 च्या ऑक्टोबरअखेरीस सँडी वादळ आलं आणि दिवसचे दिवस वीज गेली, तेव्हा न्यू जर्सीतल्या कितीतरी शाळांची निवारा केंद्रं झाली होती. ज्या बाकावर पोरं एरवी त्रिकोणमितीला कंटाळतात, तिथं थोरली माणसं फोन चार्ज होण्याची वाट बघत बसलेली.

घर विकत घेताना दलाल आधी शाळा सांगतो, मग न्हाणीघरं. शाळेचा गुणांक दहापैकी नऊ असला, की गळकं छप्परसुद्धा ‘जुन्या धाटणीचं’ ठरतं. आणि एकदा घर घेतलं की शाळेचं देणं सुरू. न्यू जर्सीतला घरपट्टीचा आकडा भल्याभल्यांची दातखीळ बसवणारा आहे. सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास. त्यातला जवळपास निम्मा वाटा शाळांना जातो. ज्यांना मूल नाही ते भरतात, ज्यांची मुलं आता नातवंडं खेळवतात ते भरतात, आणि ज्यांना मुळात मुलंच आवडत नाहीत तेही बिचारे भरतात. भरलेल्या पैशाचा जाब विचारायला मग मंडळी शाळा मंडळाच्या सभेला येतात. मंडळाचे सभासद निवडून आलेले आणि बिनपगारी. दिवसभर आपापली नोकरी करून रात्री लोकांची बोलणी खायला हे लोक हौसेनं निवडणूक लढवतात. मनुष्यस्वभावाच्या अशा कोड्यांपुढं मी हात टेकते. नागरिकानं उठायचं, नाव आणि पत्ता सांगायचा, आणि पुढं तीन मिनिटं काय हवं ते बोलायचं. समोर घड्याळ लावलेलं असतं. या तीन मिनिटांत मी माणसांना छपराच्या डागडुजीवर तुटून पडताना पाहिलंय आणि लॅटिनच्या शिक्षिकेची जागा रद्द होणार म्हणून एका पांढऱ्या मिशांच्या आजोबांचा गळा भरून येतानाही पाहिलंय. तीन मिनिटं संपली, घड्याळ कर्कश वाजलं, आजोबांचं वाक्य अर्धंच राहिलं. लॅटिनमध्ये क्रियापद बहुधा शेवटी येतं म्हणतात. त्यांचंही शेवटीच राहून गेलं.

शाळा या गावाची झोपही ठरवते. हिवाळ्यात रात्री बर्फाचा अंदाज आला, की पोरं पायजमा उलटा घालून, उशीखाली चमचा ठेवून झोपतात. काही जण बर्फाचे खडे संडासात टाकून पाणी सोडतात. एवढं केलं की सुट्टी मिळते असा समज आहे. जी मुलं विज्ञानाच्या ऑलिंपियाडमध्ये पदकं आणतात, तीच हे करतात. पहाटे पाचला सगळ्या घरांतले फोन एकदम वाजतात आणि अधीक्षकांचा ध्वनिमुद्रित आवाज सुट्टी जाहीर करतो. मुलं पुन्हा झोपतात; आई-बाप मात्र जागे झालेले असतात ते राहतातच. वर्षाला 180 दिवस शाळा भरली पाहिजे असा नियम आहे. त्यामुळं जानेवारीत बर्फानं उसना दिलेला दिवस बहुतेक वेळा जूनच्या उन्हात फेडावा लागतो. पण चौदा वर्षांच्या माणसाला व्याजाचं गणित पटत नाही, आणि पटू नये.

शनिवार-रविवारी ही इमारत भाड्यानं मिळते, आणि तिथं आम्ही येतो. आम्ही म्हणजे मराठी माणसं. बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 साली स्थापन झालं. त्याच्या छत्राखाली आणि छत्राबाहेरही अमेरिकेत गावोगावची मंडळं आहेत, आणि त्यांतली कित्येक आपले सणवार भाड्याच्या शाळांमध्ये साजरे करतात. गणपती बसतो तो कॅफेटेरियात, सॅलडच्या काउंटरशेजारी. समईत वात नाही, बॅटरीवरचा दिवा. कारण उदबत्तीचा धूर छताला लागला तर गजर होतो, आणि आरतीच्या तिसऱ्या कडव्याला अग्निशमन दलाचे जवान शिरस्त्राणांसकट दारात उभे राहतात. (एका वर्षी आलेही होते. प्रसाद घेऊन गेले.) कॅफेटेरियातल्या टेबलांना गोल स्टुलं जोडलेलीच असतात, पोरांच्या मापाची, न हलणारी. नऊवारीतल्या काकू त्यांवर बसून वरण-भात जेवतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक सावध गांभीर्य येतं. उंटावरून पहिल्यांदाच जाणाऱ्या राजदूतासारखं.

मुंबई-पुण्याहून नाटक आलं तर ते ऑडिटोरियममध्ये. शाळेच्या स्वतःच्या वसंतातल्या संगीतिकेचं नेपथ्य मागं अर्धवट उभं असतं, ते हलवायची परवानगी नसते. त्यामुळं एकदा दादरच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्याच्या खिडकीतून ओक्लाहोमाचं कुरण दिसत होतं. कुणाला खटकलं नाही. आमच्या सगळ्यांच्याच दिवाणखान्यांच्या खिडक्यांतून तसंच काहीतरी दिसतं. खरा सूत्रधार असतो कस्टोडियन. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेला हा गृहस्थ रात्री दहाला दिवे मालवतो; तिथं कुणाची मात्रा चालत नाही. म्हणून इकडं मराठी नाटकाचा तिसरा अंक नेहमी घाईत होतो. वर्षानुवर्षांचे गैरसमज आठ मिनिटांत मिटतात, सासू सुनेला जवळ घेते, आणि पडदा पडायच्या आत पार्किंगमधल्या गाड्या सुरू होतात.

पण हे सगळं भाड्याचं. गाव खऱ्या अर्थानं भरतं ते सप्टेंबर ते नोव्हेंबर, शुक्रवारी रात्री. मैदानावरचे उंच दिवे लागतात, आणि चार-चार मैलांवरून दिसणाऱ्या त्या पांढऱ्या उजेडाकडं घराघरांतून गाड्या निघतात. फुटबॉल असतो, अमेरिकेतला, हातात धरून पळायचा. बारा मिनिटांचा एक डाव, असे चार. म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा खेळ, पण अडीच तासांच्या आत तो कधी आटपत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, एवढंच काय ते तत्त्व. पण हे दहा यार्ड कसे सरकायचे यावर सरकण्यापेक्षा जास्त वेळ विचारविनिमय चालतो. आमचा संघ बहुधा हरतो. त्याचं कुणी फारसं मनावर घेत नाही. इथं नवीन आलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागतो, की त्या बाकांवरचे निम्मे लोक खेळ बघायला आलेलेच नसतात. ते बँड बघायला आलेले असतात, म्हणजे बँडमधल्या एका मुलाला.

आमचा मुलगा सूझाफोन वाजवायचा. अमेरिकन मरीन दलाच्या बँडचे एके काळचे प्रमुख जॉन फिलिप सूझा यांच्या नावानं 1890 च्या दशकात घडवलेलं हे वाद्य. अंगाभोवती वेटोळं घालून खांद्यावर बसतं आणि डोक्यावर कर्ण्यासारखं उघडतं. एखाद्या अजगरानं भक्ष्याला नीट विळखा घालावा आणि मग आज आपला उपास आहे हे आठवून तोंड वासून आकाशाकडं बघत राहावं, तसा तो दिसतो. त्याच्या आत आमचा मुलगा. एरवी घरात ताट उचलून ठेवताना ज्याचा खांदा दुखतो, तो हे पितळी धूड घेऊन ऑगस्टच्या उन्हात आठ-आठ तास कवायत करायचा. सासूबाई त्या वर्षी साताऱ्याहून आल्या होत्या. शाल, स्वेटर, कानटोपी आणि मांडीवर घोंगडी अशा बंदोबस्तात त्यांना बाकावर बसवलं. दीडशे मुलं, डोक्यावर तुरे, ढोल, कर्णे, झेंडे नाचवणाऱ्या मुली. त्यांनी सगळं डोळे भरून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, “बँड झकास आहे गं. पण वरात कुठाय?”

मी म्हटलं, “आई, वरात नाही. नुसताच बँड.”

“नवरदेवाशिवाय?” त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, “बरंय की. खर्च वाचला.”

खर्च मात्र वाचत नाही. वाद्यं, गणवेश, बस, सगळ्याला पैसा लागतो, आणि शाळेच्या अंदाजपत्रकात बँडचा क्रमांक बराच खाली येतो. म्हणून पालकांची बूस्टर समिती असते, आणि ती मैदानाच्या कडेला खाण्याचा ठेला चालवते. एक सिमेंटची खोली, पुढं उचलायची झडप, आत शेगडी, हॉटडॉग फिरवणारं यंत्र आणि पातळ केलेल्या चीजचा पंप. मी बरेच शुक्रवार त्या पंपावर असायचे. माझ्या शेजारी हॉटडॉगवर असायचे एक हृदयरोगतज्ज्ञ. दिवसभर लोकांच्या रक्तवाहिन्या मोकळ्या करायच्या आणि संध्याकाळी आपल्या हातानं पुढची सोय करून ठेवायची, असा त्यांचा आठवडा. “आणखी चीज हवं?” असं ते ज्या तटस्थपणे विचारत, त्यात व्यवसायाचा संयम दिसे. गल्ल्यावर एक नळकाम करणारे गृहस्थ, गरम चॉकलेटवर कोर्टातल्या कारकून बाई. कुणाचं आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं. ती ‘दुसऱ्या ट्रम्पेटची आई’, ते ‘झांजांचे बाबा’, मी ‘सूझाफोनची आई’. ऑफिसात मी कितीतरी वर्षं माझ्याच नावाची वेगवेगळी रूपं ऐकून त्यांना ओ देत आले. इथं मला मुलाच्या नावानं, निदान त्याच्या वाद्याच्या नावानं, हाक मारायला लागले आणि मला एकदम आमच्या वाड्यात गेल्यासारखं वाटलं.

आता यातली गंमत ऐका. ठेला चालवायचा कशासाठी? बँडसाठी. बँड मैदानात उतरतो केव्हा? मध्यंतरात, जेमतेम पंधरा मिनिटं. आणि लोकांना भूक लागते केव्हा? बरोबर त्याच पंधरा मिनिटांत. म्हणजे ज्या आई-बापांनी बँड उभा करायला शुक्रवारचे शुक्रवार चीज उपसलं, तेवढेच आई-बाप सोडून बाकी सगळ्या गावाला बँड दिसतो. आमच्या झडपेतून मैदानाचा एक तुकडा दिसायचा, साधारण तीस यार्डांच्या रेघेपासून चाळीसपर्यंत. त्यात काय येईल ते आपलं. कधी झेंडे यायचे, कधी ढोलांची एक ओळ तिरकी जाऊन नाहीशी व्हायची, कधी नुसतीच हिरवळ आणि तिच्यावर येऊन पडणारं संगीत. आम्ही कानांनी बघायला शिकलो. नाचोज भरता भरता दुसऱ्या ट्रम्पेटची आई थबकायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, “हा माझा नाही, हा पहिला ट्रम्पेट.” सूझाफोन ऐकायला सोपा, तो कानांना नाही, सिमेंटच्या भिंतीला ऐकू येतो. हॉटडॉगच्या यंत्रावरचा चिमटा थरथरला, की समजायचं आपलं पोर वाजवतंय.

कुणाच्या मुलाचा एकट्याचा तुकडा असला तर त्या पालकाला आम्ही बाहेर ढकलत असू. ओट्यावरच्या गिऱ्हाइकांना सांगायचं, “चॉकलेट दोन मिनिटांनी.” रांगेतलं कुणी कधी कुरकुरलं नाही. एकदा झांजांच्या बाबांना पाठवलं. ते तीन झंकार ऐकून परत आले, नाक पुसलं, हातमोजे चढवले आणि कुणाकडं न बघता म्हणाले, “थंडी फार आहे.” थंडी होतीच म्हणा.

सूझाफोनला एकट्याचा तुकडा कोण देणार? तो पाया असतो, आणि पायाकडं बघायला कुणी थांबत नाही. पण बँडच्या मुलांना कवायतीचे नकाशे देतात. कुठल्या ठोक्याला कुणी कुठल्या रेघेवर असायचं, सगळं पावलापावलानं आखलेलं. शेवटच्या वर्षी एका गुरुवारी रात्री मुलगा स्वयंपाकघरात आला. फ्रीज उघडून आत बघत बसला. या वयातली मुलं महत्त्वाचं जे काही असतं ते फ्रीजला सांगतात. म्हणाला, “तिसऱ्या गाण्याच्या शेवटी आम्ही डावीकडं वळतो. बत्तीस ते अडतीस. सोळा ठोके.” मी म्हटलं, “बरं मग?” तो दुधाचा कॅन उचलत म्हणाला, “तुझ्या खिडकीत येतो. बघायचं तर बघ.”

त्या शुक्रवारी तिसऱ्या गाण्याच्या शेवटी ठेल्यावर सोळा ठोके काही विकलं गेलं नाही. पंपाचं काम हृदयरोगतज्ज्ञांनी अडवून धरलं होतं.

जूनमध्ये पदवीदान झालं, त्याच मैदानावर. शेकडो नावं वाचली गेली, टोप्यांचे गोंडे उजवीकडून डावीकडं गेले, टोप्या हवेत उडाल्या आणि नेहमीप्रमाणे दुसऱ्याच कुणाच्यातरी डोक्यावर पडल्या. त्या रात्री मुलांना शाळेतच कोंडून घेतात. याला प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन म्हणतात. 1980 साली मेन राज्यात हे सुरू झालं. आदल्या वर्षी पदवीच्या दिवसांत दारू आणि गाड्यांपायी काही मुलं गेली होती, त्यानंतर. आता गावोगावचे पालक रात्रभर जिममध्ये जागतात. फुगवलेल्या रबरी किल्ल्यात सहा फुटी पोरं उड्या मारत असतात, कोपऱ्यात जादूगार असतो, आणि पहाटे तीनला नळकाम करणारे गृहस्थ पॅनकेक उलटत असतात. उजाडेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही. एवढ्या वर्षांत त्यांना बाहेरच्या जगासाठी तयार केलं आणि शेवटच्या रात्री दाराला कडी लावली, यातली विसंगती आम्हाला कळत होती. पण कडी लावायची पाळी आली तेव्हा सगळेच पुढं झाले.

सकाळी पोरं डोळे चोळत गाड्यांत बसली, आणि आम्ही आई-बाप पार्किंगमध्ये उगाच उभे राहिलो. पोरांना प्रमाणपत्र मिळालं होतं. आमचीही चार वर्षं भरली होती, पण तसं कुणी जाहीर केलं नाही. फोन नंबर घेतले. भेटूया म्हणालो. भेटणार कुठं? भेटायची जागा आमच्या हातून नुकतीच निघून गेली होती. त्या उन्हाळ्यात रस्त्यावर दोन-तीन घरांपुढं विक्रीच्या पाट्या लागल्या. धाकटं कॉलेजला गेलं की घरपट्टीचा अर्थ बदलतो. लोक डेलावेअरला, नॉर्थ कॅरोलायनाला जातात. झांजांचे बाबाही गेले.

आम्ही राहिलो. ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी मैदानावरचे दिवे दिसले आणि दुसऱ्या ट्रम्पेटच्या आईचा निरोप आला, जायचं का? मध्यंतरात बँड बघायचा, सबंध, बाकावर बसून. एवढ्या वर्षांत तो कधी आमच्या वाट्याला आला नव्हता. दारापाशी टेबल मांडून नवीन पालक बसले होते. त्यांच्यातल्या मुलीनं, म्हणजे असेल चाळिशीची, हसून विचारलं, “बँडचे पालक? मग आत ठेल्याकडं जा.” म्हटलं, होतो. “मग ज्येष्ठ नागरिक? गावातल्या साठीच्या पुढच्यांना गोल्ड कार्डावर फुकट आहे.” आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. साठीला अजून अवकाश होता.

“असं का,” ती म्हणाली, आणि यादीवरून तिनं बोट फिरवलं. पालक होते, विद्यार्थी होते, शिक्षक होते, म्हातारे होते. आमच्यासाठी शेवटची एक ओळ होती: इतर, पाच डॉलर. दुसऱ्या ट्रम्पेटच्या आईनं दहाची नोट काढली आणि आत डोकावून म्हणाली, “रांग बघ केवढी झालीये. पंपावर एकटीच आहे बिचारी. आपण आधी तिकडं जाऊ या का?”